चौ एन-लाय यांचं १९६० मधलं म्हणणं मला पटतं. ते वर्गात सांगू नये का?

संगमकाठी (कराड) :

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. नुकतंच बारावीच्या वर्गात १९६२ च्या युद्धावर बोलताना एक विधान केलं आणि त्यावरून थोडं वादळ उठलं. इथे सैन्यातले, वकिलीतले, परदेशात राहणारे असे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीला आले होते. १९ तारखेला आले, २५ च्या रात्री उशिरा पत्रकार परिषद घेतली आणि गेले. मधल्या दिवसांत नेहरूंशी कित्येक तास बोलणी झाली. गृहमंत्री पंत, अर्थमंत्री मोरारजी यांच्याशीही वेगळ्या भेटी झाल्या. चौ यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा : पूर्वेला मॅकमोहन रेषेपर्यंतचा (इंग्रजांच्या काळात ठरलेली, आजच्या अरुणाचलची उत्तर सीमा) प्रदेश तुमच्या ताब्यात आहे, ते वास्तव आम्ही स्वीकारतो. पश्चिमेला लडाखच्या ईशान्येचा अक्साई चीन आमच्या ताब्यात आहे, ते वास्तव तुम्ही स्वीकारा. नेहरूंनी ते मानलं नाही. अडीच वर्षांनी युद्ध झालं. युद्धानंतर चिनी सैन्य पूर्वेकडून मागे गेलं आणि अक्साई चीन त्यांच्याकडेच राहिला. १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता आणि चार हजारांच्या आसपास युद्धकैदी, एवढं सोसून आपण नकाशावर जवळपास तिथेच पोचलो जिथे चौ आधी बोट ठेवत होते.

मी वर्गात म्हटलं की या एका बाबतीत चौ यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. सीमा ठरलेली नाही, ती बोलून ठरवू, तोवर दोघेही आहोत तिथे थांबू, एवढं ते म्हणत होते, आणि आपल्या सरकारने ती बोलणी धरून ठेवायला हवी होती.

दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याचे आजोबा महाविद्यालयात आले. सैन्यातून निवृत्त झालेले, शांतपणे बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "बाई, पोरांना शत्रूची बाजू शिकवू नका." प्राचार्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त पुढच्या तासाला जपून बोला म्हणाले. स्टाफरूममध्ये मात्र दोन सहकारी बोलायचे थांबले. गलवानमध्ये जून २०२० ला आपले वीस जवान गेले, त्या जखमा ताज्या आहेत, हे मला समजतं. आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत.

माझं मत हवेतून आलेलं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १९५० च्या नकाशात लडाखच्या ईशान्येची सीमा अनिश्चित म्हणून दाखवलेली होती. १ जुलै १९५४ च्या टिपणात नेहरूंनी नवे नकाशे काढायला सांगितले, त्यात सीमा पक्की दाखवायची आणि तिच्यावर कुणाशी चर्चा नाही, असं ठरवलं. ज्या भागात आपली एकही चौकी नव्हती तिथून चीनने शिनच्यांग-तिबेट रस्ता काढला आणि त्याची खात्री आपल्याला १९५८ मध्ये झाली. सुमारे १८० किलोमीटर रस्ता आपल्या नकाशातल्या जमिनीवरून जातो, आणि आपल्याला तो बांधून झाल्यावर कळतो! शिवाय त्याच १९६० च्या ऑक्टोबरमध्ये चीनने ब्रह्मदेशाशी सीमा करार केला, त्यात तिकडची मॅकमोहन रेषा थोड्या फेरफाराने मान्य केली. त्यामुळे चौ यांचं बोलणं निव्वळ नाटक होतं असं मला म्हणवत नाही.

आणि जे पटत नाही तेही लिहिते, म्हणजे गैरसमज नको. तिबेटचं जे केलं ते पटत नाही. भारतच आक्रमक होता हा चीनचा दावा पटत नाही. २० ऑक्टोबर १९६२ ची पहाट, चीनने हल्ला केला ती, तर कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मी यशवंतरावांच्या गावात वाढले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आम्ही शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. त्याच यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत उभं राहून ६२ च्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा, म्हणजे हेंडरसन ब्रूक्स चौकशीचा, सारांश सांगितला : प्रशिक्षणात, साहित्यात, नेतृत्वाच्या रचनेत आपण कुठे उणे पडलो ते. अहवाल त्यांनी उघड केला नाही, पण उणिवा लपवल्या नाहीत. मग आपलं चुकलं म्हणणं इतकं जड का जातं?

माझा प्रश्न : आपल्याशी लढलेल्या देशाच्या नेत्याचं एखादं म्हणणं आपल्या परराष्ट्र धोरणाबद्दल बरोबर वाटलं, तर ते उघडपणे त्याच्या नावानिशी म्हणावं का? की मत ठेवावं आणि नाव गाळावं? माझ्या तपशिलात काही चुकत असेल तर तेही सांगा.

---

सेला_निवृत्त :

मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातलाच. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९८६-८७ मध्ये सुमदोरोंग चूला चीनशी तणातणीचं प्रकरण झालं तेव्हा आमची पलटण तवांगच्या बाजूला होती. त्यामुळे ६२ ची जागा पुस्तकात नाही, डोळ्यांनी पाहिलेली आहे.

नामका चू हा नाला आहे. उत्तरेला थागला धार, तिच्यावर चिनी. खाली नाल्याच्या काठाने आपली ७ ब्रिगेड. वर बसलेल्या शत्रूच्या नजरेखाली मोर्चा लावायचा नाही हे रंगरूटालाही शिकवतात. तिथे आपल्या लोकांना ठेवलं होतं. सुती वर्दी, अंगावर एक घोंगडी, दारूगोळा मोजका, आणि रसद विमानातून टाकलेली, त्यातली बरीच दरीत जायची. ब्रिगेडियर दळवी २२ ऑक्टोबरला पकडले गेले, पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटले. त्यांनी नंतर सगळं लिहून ठेवलंय. त्यांच्याही आधी ३३ कोअरचे लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी लेखी सांगितलं होतं की या जागी या तयारीनिशी चिन्यांना हुसकून लावणं होणार नाही. काय झालं? ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवीन ४ कोअर उभी केली, ती जनरल कौल यांच्याकडे दिली आणि उमराव सिंगांकडून ती आघाडी काढून घेतली.

म्हणून माझं म्हणणं असं की दिल्लीचं चुकलं हे सांगायला तुम्हाला चौ एन-लाय लागतोच कशाला? उमराव सिंग घ्या. दळवी घ्या. ही आपली माणसं, त्यांनी किंमत मोजलीय. त्यांच्या तोंडून ऐकलं तर फौजी माणूस मान डोलावेल. त्या आजोबांनाही पटेल. चौचं नाव निघालं की कान बंद होतात, मग पुढचं कितीही खरं असलं तरी आत जात नाही.

दुसरं. १९६० मध्ये शांततेचं बोलणारा माणूस पुढची दोन वर्षं सीमेपर्यंत रस्ते आणत होता. २० तारखेला पहाटे जो तोफखाना वाजला तो एका रात्रीत वर चढलेला नव्हता.

आजोबांना घरी जाऊन भेटा. कॉलेजात नाही. त्यांचं ऐकून घ्या आधी.

---

झिरो_माईल (नागपूर) :

ताई, मी वकिली करतो, तेव्हा जरा कागदावर बोलतो.

तुमच्या मांडणीत एक जागा सैल आहे. अदलाबदलीचा प्रस्ताव म्हणून जे आपण आज म्हणतो तो चौ यांनी लेखी कधीच दिला नाही. बोलण्यात आलं ते असं की दोन्ही क्षेत्रांत सध्याचं वास्तव दोघांनी ध्यानात घ्यावं. त्याचा अर्थ देवाणघेवाण असाच निघतो, मान्य. पण सही करायला पुढे सरकवलेला कागद नव्हता. विद्यार्थ्यांना सांगताना "सुचवलं" म्हणा, "प्रस्ताव दिला" म्हणू नका.

नेहरूंच्या हातात काय होतं तेही पाहा. बेरुबारी प्रकरणी (बंगालमधला हा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं होतं) सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च १९६० ला मत दिलं की देशाचा प्रदेश दुसऱ्या राष्ट्राला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, नुसत्या कराराने भागणार नाही. चौ दिल्लीत उतरले त्याच्या पाच आठवडे आधीची गोष्ट. म्हणजे पंतप्रधान टेबलावर बसून जमीन सोडू शकत नव्हता. मात्र ही सबब पूर्ण धरू नये. काँग्रेसकडे बहुमत होतं आणि बेरुबारीसाठी नववी घटनादुरुस्ती त्याच वर्षी डिसेंबरात झालीच. दार कायद्याने बंद नव्हतं, राजकारणाने बंद होतं. सप्टेंबर १९५९ पासून नेहरूंनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांमधून संसदेपुढे ठेवायला सुरुवात केली. लोकशाहीत ते योग्यच. पण त्यानंतर प्रत्येक ओळीवर सभागृहाची नजर होती आणि मागे सरकायला जागा उरली नाही. चौ यांना असली अडचण नव्हती. त्यांना कुठल्याच सभागृहात निवडून आलेल्या विरोधकांना उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांचा समजूतदारपणा मोजताना हे वजा करायला हवं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती विश्वासाची बाब. नेहरूंच्या नोंदींप्रमाणे १९५६-५७ च्या भेटीत चौ यांनी मॅकमोहन रेषा मान्य करायची तयारी दाखवली होती. २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात मात्र ते म्हणतात की ही सीमा औपचारिकपणे कधी आखलीच गेली नाही. पुढे त्यांनी चीनच्या १९५६ च्या नकाशातली रेषा बरोबर असल्याचं कळवलं, आणि १९६० मध्ये दोन्ही देशांचे अधिकारी बसले तेव्हा चिनी बाजूने लडाखात मांडलेली रेषा त्याहून पश्चिमेला, म्हणजे आपल्या अंगावर आलेली होती. आज या रेषेवर सही केली असती तर उद्या कुठली रेषा निघाली असती? पुढचा इतिहासही तेच सांगतो. १९८० मध्ये चीनचे नेते डेंग श्याओपिंग यांनी एका भारतीय संपादकाला मुलाखत देताना पुन्हा एकत्रित तोडग्याची भाषा केली, आणि १९८५ च्या बोलण्यांत चीन म्हणू लागला की खरा वाद पूर्वेला आहे, तिथे भारताने सोडावं. तवांग तेव्हापासून मध्ये आहे.

माझं मत : पश्चिमेकडची सीमा कधी आखली गेली नव्हती, हे चौ यांचं विधान कागदोपत्री खरं आहे आणि ते त्यांच्या नावाने शिकवायला काहीच हरकत नाही. त्यांच्यावर भरवसा ठेवून सौदा करायला हवा होता, हे मात्र मला पटत नाही. दोन्ही वेगळं ठेवा.

---

गोदातीर :

मॅडम, माझ्या आजीचा धाकटा भाऊ तुमच्या त्या १,६९६ मध्ये आहे. बेपत्ता म्हणून तार आली. आजी वारली तोपर्यंत त्याच्या नावाचं ताट दिवाळीत वाढायची, कारण मेला असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तुम्हाला देशद्रोही म्हणणार नाही. तुम्ही अभ्यास करून बोलताय हे दिसतंय. पण ज्या माणसाच्या सरकारने तो हल्ला केला त्याचा दोन वर्षं आधीचा शहाणपणा मला ऐकायचा नाही. ऐकून आमच्या घरात काय बदलणार आहे? आपलं सरकार चुकलं असेल तर त्याला शिव्या द्या, मीही देईन. त्या माणसाला माझ्यासमोर बरोबर म्हणू नका.

---

संगमकाठी :

गोदातीर, तुमचं लिहिलेलं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्यासमोर मी ते म्हणणार नाही. वर्गात कुणाच्या घरात असं ताट वाढलं जात असेल हे मला आधी कळायला हवं असतं, आणि कळायचा मार्ग एकच, विचारणं. पुढच्या तासाला मी तिथूनच सुरुवात करीन.

सुभेदार साहेब, उमराव सिंगांचं नाव मी घेईन, नक्की घेईन. पण तुमचा सल्ला पूर्ण मानता येत नाही. उमराव सिंग युद्ध कसं लढलं गेलं त्याबद्दल बोलत होते. युद्धापर्यंत जायचं होतं का, हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला नव्हता. तो प्रश्न १९६० मध्ये चौ यांच्या बोलण्यातून टेबलावर आला. ते नाव गाळलं तर मुलांना वाटेल की आपल्यापुढे दुसरा रस्ता कधी आलाच नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे चौक्या उभारायचा निर्णय झाला, तो चीन बळाचा वापर करणार नाही या गुप्तचर खात्याच्या अंदाजावर. हा अंदाज बांधणाऱ्यांना कुणी विचारलं का की दीड वर्षापूर्वी समोरच्याने काय म्हटलं होतं, ते नाकारल्यावर तो काय करील? समोरच्याचं ऐकायचंच नाही असं ठरवलं की अंदाज असेच येतात. मुलांना हे शिकायचंय, कारण उद्या त्यांतलीच दोन-चार वर्दीत जाणार आहेत.

वकील साहेब, "सुचवलं" हे मान्य. १९५६ च्या आणि १९६० च्या रेषेतला फरक मी वर्गात सांगितला नव्हता, तो नकाशासकट सांगेन. पण एक विचारते. भरवसा नव्हता म्हणून सौदा नको, ठीक. बोलणी तोडायला मात्र तेवढं कारण पुरतं का? ज्यांच्यावर भरवसा नाही त्यांच्याशीच तर बोलावं लागतं. १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारने प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार केला तेव्हाही भरवसा नव्हता.

---

लालबाग_परळ :

हा धागा वाचून माझे वडील आठवले. परळच्या गिरणीत जॉबर होते, लाल बावट्याचे, कॉम्रेड डांग्यांना मानणारे. ६२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या घरात जे झालं ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतही झालं.

तेव्हा डांगे पक्षाचे अध्यक्ष होते. १ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाचा निषेध करून सरकारच्या पाठीशी उभं राहायचा ठराव केला. दुसऱ्या गटाला तो ठराव मान्य नव्हता. आणीबाणी लागलेली होती, त्या महिन्यातच भारत संरक्षण नियमांखाली त्यांच्यातल्या कित्येकांना उचललं. बी. टी. रणदिवे आत गेले. आपले मराठीच दोघे, डांगे आणि रणदिवे, एका पक्षात वाढलेले, आणि एक सरकारच्या बाजूला तर दुसरा तुरुंगात. १९६४ मध्ये पक्ष फुटला तो फुटलाच.

आमच्या खोलीत संगमेश्वरकडचे एक काका राहायचे, वडिलांचे जिवलग. ते दुसऱ्या गटाचे. त्यांचं म्हणणं संगमकाठी ताईंसारखंच होतं : सीमा इंग्रजांनी सोडलेली, कुणी आखलेली नाही, बोलून सोडवा, जवानांना मरायला पाठवू नका. चाळीतल्या पोरांनी त्यांच्या सदऱ्यावर शाई टाकली. वडिलांनी पोरांना पट्ट्याने फोडलं आणि स्वतः मात्र काकांशी बोलणं टाकलं.

मी मोठा झाल्यावर विचारलं, तुम्हालाही चर्चाच हवी होती ना, मग का तोडलंत? वडील म्हणाले, "२० ऑक्टोबरच्या आधी तो जे म्हणत होता ते मलाही पटत होतं. हल्ला झाल्यावर मी वाट बघितली. रोज रात्री पाळीवरून आल्यावर बघायचो, आता तरी चीनला एक शब्द बोलेल. नेहरूंवर तासभर बोलायचा. चीनवर एक शब्द नाही." तिथे तुटलं.

पण काका तुरुंगात जाण्याच्या लायकीचे होते असं वडील कधीही म्हणाले नाहीत, आणि त्या धरपकडीचा राग त्यांना शेवटपर्यंत होता. डांग्यांवरही त्याबद्दल नाराज होते. ६२ ची आणीबाणी १९६८ उजाडल्यावर उठली. लढाई एक महिन्याची आणि आणीबाणी पाच वर्षांहून जास्त! आपल्या चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. माझगावात राहणारी चिनी कुटुंबंही त्यानंतर हळूहळू देश सोडून गेली. ती माणसं चौ एन-लायशी सहमत आहेत का हे कुणी त्यांना विचारलं पण नाही.

ताई, तुम्ही वर लिहिलंय की २० ऑक्टोबर कुठल्याच हिशोबात बसत नाही. वर्गात ते बोललात का? नुसतं मनात असून चालत नाही.

---

जर्सीकर :

मी मूळचा सांगलीचा, वीसेक वर्षांपासून न्यू जर्सीत, आता इथला नागरिक. माझ्यावर हीच वेळ २०१३ मध्ये आली होती.

ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात दमास्कसजवळ घूता भागात सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला. ओबामांनी सीरियावर क्षेपणास्त्रं टाकायची तयारी चालवली. ब्रिटिश संसदेने २९ ऑगस्टला नकार दिला, ओबामा परवानगीसाठी काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, गेले. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये थेट अमेरिकन जनतेला उद्देशून पुतिन यांचा लेख आला. मुख्य म्हणणं असं की सुरक्षा परिषदेच्या संमतीशिवाय हल्ला केला तर तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरेल आणि तिथली आग आणखी पसरेल.

ते वाचून मला पटलं. २००३ मध्ये इराकच्या वेळी मी नुकताच इथे आलो होतो, टीव्हीवर सगळे एका सुरात बोलत होते आणि पुढे काय झालं ते आपण पाहिलं. मी माझ्या मतदारसंघाच्या काँग्रेस प्रतिनिधीला पत्र लिहिलं की हल्ल्याच्या विरोधात मत द्या. ऑफिसातला एक जण म्हणाला, तू नागरिकत्वाची शपथ कुणाची घेतलीस, आमची की पुतिनची?

पण त्याच लेखात पुतिन यांनी असंही लिहिलं होतं की वायू सीरियाच्या सैन्याने नव्हे, बंडखोरांनी वापरला असं मानायला आधार आहे. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या तपासनीसांनी १६ सप्टेंबरला सारिन जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या रॉकेटमधून आल्याचं सांगितलं, आणि तशा रॉकेटांचा साठा कुणाकडे होता हे उघड होतं. मी पत्रात माझी कारणं लिहिली, पुतिन यांचा एक शब्दही वापरला नाही. सुभेदार साहेब म्हणतात तसंच झालं म्हणा, पण माझ्या बाबतीत ते बरोबर होतं, कारण माझं मत तो लेख यायच्या आधीचं होतं.

हल्ला टळला. १४ सप्टेंबरला जिनिव्हात अमेरिका आणि रशियाचा करार झाला, सीरियाने जाहीर केलेला रासायनिक अस्त्रांचा सुमारे १,३०० टन साठा पुढच्या वर्षी जूनपर्यंत देशाबाहेर गेला. सगळा गेला नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये खान शेखूनला पुन्हा सारिनने माणसं मेली.

आणि त्या लेखानंतर सहा महिन्यांत पुतिन यांनी क्रिमिया घेतला. कुठली सुरक्षा परिषद, कुठला आंतरराष्ट्रीय कायदा. तो ऑफिसातला माणूस माझ्याकडे आला, म्हणाला, बघ तुझा पुतिन. मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये त्याने जे लिहिलं ते आजही बरोबर आहे, आणि त्याच्याच वाक्यावर आज तो गुन्हेगार ठरतो. मी ते वाक्य सोडलं तर त्याला कशाने धरू?

ताई, चौ यांचंही हेच करता येईल. ७ नोव्हेंबर १९५९ च्या पत्रात त्यांनी दोन्ही सैन्यांनी वीस किलोमीटर मागे जावं असं सुचवलं होतं, चकमकी टळाव्यात म्हणून. तेच पत्र २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटेशेजारी ठेवा. चीनच्या विरोधात याहून मोठा पुरावा मला तरी दिसत नाही, आणि तो त्यांच्याच सहीचा आहे.

---

संगमकाठी :

जर्सीकर, ७ नोव्हेंबरचं पत्र मी नेहरूंच्या चुकीचा पुरावा म्हणून वाचत आले होते. ते दोन्ही बाजूंनी लागू पडतं, हे तुमच्यामुळे नीट दिसलं. नेहरूंनी १६ नोव्हेंबरला उलट सुचवलं होतं की लडाखात दोघांनीही एकमेकांच्या दाव्याच्या रेषेमागे जावं. चीनला त्यासाठी तो रस्ता असलेला भाग सोडावा लागला असता, आपल्याला फारसं काही सोडावं लागलं नसतं. म्हणजे तोही प्रस्ताव सरळ नव्हता. दोन्ही पत्रं मुलांपुढे ठेवते.

लालबाग_परळ, वर्गात मी २० ऑक्टोबरबद्दल तारीख आणि घटना सांगितली. निषेध केला नाही, कारण तो गृहीत धरला. तुमच्या वडिलांसारखा कुणी बाकावर बसून त्या एका शब्दाची वाट बघत असेल तर त्याला तो ऐकू आला नसणार. या वेळी स्पष्ट शब्दांत सांगेन.

माझं मूळ मत मात्र आहे तिथेच आहे. १९६० मध्ये बोलणी चालू ठेवण्यात देशाचं हित होतं, आणि ते त्या वेळी समोरून सुचवलं गेलं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. मी चौ यांचं नाव घेऊनच शिकवीन. आजोबांकडे रविवारी जाते आहे, निरोप पाठवलाय, या म्हणालेत.

तासासाठी तीन कागद काढायचं ठरवलंय : ही दोन पत्रं आणि यशवंतरावांचं २ सप्टेंबर १९६३ चं लोकसभेतलं निवेदन. पत्रांचे उतारे मीच मराठीत करीन. निवेदनाचा मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर कळवा. नसेल तर इंग्रजी मूळ तरी पूर्ण कुठे मिळेल? तास गुरुवारी आहे.

---

झिरो_माईल (नागपूर) :

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेचे जुने वादविवाद आहेत, तारखेने शोधा. मराठी अनुवाद माझ्या पाहण्यात नाही. मूळ मिळालं की इथे टाका, अर्धं मी करून देतो. आणि बोलणी तोडण्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. भरवसा नसताना बोलत राहायला हवं होतं, एवढं मान्य करतो.

---

सेला_निवृत्त :

मॅडम, रविवारी जाताना नामका चूचा हाताने काढलेला नकाशा देतो, माझ्याकडे आहे. फोटो काढून इथेच टाकतो संध्याकाळी. आजोबांना दाखवा, ते कुठल्या पलटणीचे विचारा. चौचं नाव घ्यायचं की नाही यावर मी अजून माझ्या जागी आहे, पण त्या नकाशावर नाला खाली आणि धार वर कशी आहे ते पोरांना नक्की दाखवा.